दिवा लावायला तेल लागतं

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्लिश अशी आमची तिहेरी गंमत. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी मॅडमनी "यंदा तू लिही" म्हटलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. विषय मात्र माझ्या पोटात मावत नाहीये, म्हणून लिहितेय.

मी मूळची मुर्रीची. गोंदिया शहराला अगदी चिकटून असलेलं आमचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून घरी गेले, तेव्हा हलक्या धानाची कापणी उरकत आली होती आणि मंडईचे दिवस जवळ आले होते. शेजारच्या काकूंकडे फराळाचं ताट घेऊन गेले, तर अंगणात एक लोखंडी पेटी उघडी पडलेली. आत जाड जाड वह्या. त्यांचा मोठा मुलगा, आमचा दादा, एकेक वही काढून उन्हात ठेवत होता. मला वाटलं, हा सुट्टीवर आलाय. "सुट्टीवर नाही गं," तो म्हणाला, "आवरून आलो."

हा दादा म्हणजे आमच्या गल्लीचा हिरो. तीन एकर धान असलेल्या घरातला मुलगा, बी.एस्सी., एम.एस्सी., मग परीक्षा पास होऊन एका सरकारी संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागला. मला अकरावीला ऑरगॅनिक केमिस्ट्री त्यानेच शिकवली. आज तो गोंदियात एका कोचिंग क्लासमध्ये नीटच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. काम वाईट नाही आणि तो शिकवतोही छान. पण त्या वह्या पेटीत आहेत आणि त्यातला प्रयोग अर्धा आहे.

प्रयोग काय होता ते सांगते, कारण तो आपल्याच मातीतला होता. गोंदियाला राइस सिटी म्हणतात. राइस मिलमध्ये शंभर किलो धान भरडलं की साधारण वीस किलो भुसा निघतो. तो जाळला की चारेक किलो राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त सिलिका असते. सिमेंटमध्ये, रबरात, पाणी गाळण्यात अशी कितीतरी ठिकाणी ती वापरता येते. पण भुसा कसाही जाळून चालत नाही. तापमान साधारण सातशे अंशांच्या वर फार वेळ गेलं की सिलिका स्फटिकरूप होऊ लागते. मग तिची रासायनिक क्रियाशीलता कमी होते आणि ती धूळ फुफ्फुसांनाही घातक असते. कमी खर्चात, तापमान ताब्यात ठेवून, लहान मिललासुद्धा परवडेल अशी भट्टी आणि प्रक्रिया शोधायची, हे दादाचं काम. म्हणजे केमिस्ट्री त्याची असली तरी प्रश्न पक्का इंजिनीअरिंगचा!

चौथ्या वर्षी त्याची फेलोशिप थांबली. "रद्द" असं पत्र कधी आलं नाही. नुसते पैसे येईनासे झाले. फोन केला की "फाइल वर गेली आहे", मेल केला की उत्तर नाही. एक महिना, दोन महिने, असं करत अकरा महिने! पहिल्या दोन महिन्यांत त्याने साठवलेले पैसे संपवले. मग बाइक विकली. मग संध्याकाळी ट्यूशन घ्यायला लागला. त्याच्या गाइडने स्वतःच्या खिशातून दोनदा पैसे दिले. तिसऱ्यांदा घ्यायला दादालाच लाज वाटली. दरम्यान भट्टीचं हीटिंग एलिमेंट जळालं. नवीन घ्यायला प्रोजेक्टमध्ये पैसे नव्हते. सँपल तपासून घ्यायचे तर प्रत्येक सँपलमागे फी. तीही बंद.

काकूंनी मला विचारलं, "काहून बाई, तो रोज कामावर जात होता ना? मग सरकार त्याचा पगार काहून देत नव्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ते शोधायचा प्रयत्न करतेय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना फेलोशिप म्हणजे स्कॉलरशिपसारखं बक्षीस वाटतं. मलाही वाटायचं. तसं नाहीये. नेट पास होऊन जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला २०१० मध्ये महिन्याला १६,००० रुपये मिळायचे, २०१४ पासून २५,०००, २०१९ पासून ३१,००० आणि २०२३ पासून ३७,०००. दोन वर्षांनी सीनियर झाला की ४२,०००. यातली प्रत्येक वाढ आपोआप झाली असं समजू नका. २०१४ लाही आणि २०१८-१९ लाही देशभरातले रिसर्च स्कॉलर रस्त्यावर उतरले होते. हे पैसे म्हणजे त्याचा पगारच. तो पूर्णवेळ लॅबमध्ये असतो आणि दुसरी नोकरी करायची परवानगी त्याला सहसा नसते. तरी त्याला पगार म्हणत नाहीत. म्हणून एक तारखेचं बंधन नाही, पीएफ नाही, उशीर झाला तर व्याज नाही आणि दाद मागायला युनियनही नाही.

खरी गोम इथे आहे. निधी आटला की प्रोफेसरचंही नुकसान होतं, पण त्याचा पगार येत राहतो. संस्थेची इमारत उभीच राहते. जो सगळ्यात नवीन, त्याच्याच ताटातली पोळी आधी जाते. आणि तो कोण असतो? पंचवीस ते तीस वयाचा, घरून पैसे मागण्याचं वय उलटून गेलेला. त्याच्यामागे लहान बहीण किंवा आई-वडिलांचं औषधपाणी असतं आणि पुढे "लग्न कधी?" हा प्रश्न असतो. ज्याच्या वडिलांचा पुण्यात फ्लॅट आहे तो अकरा महिने काढतो. तीन एकरवाला काढू शकत नाही. म्हणजे निधी थांबला की हुशारीप्रमाणे गाळणी होत नाही, ऐपतीप्रमाणे होते. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

ही एकट्या दादाची गोष्ट असती तर मी मॅगझिनची पानं खर्ची घातली नसती. मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संस्थेने, जी होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केली, मार्च २०१९ मध्ये नोटीस काढली होती की पुरेसा निधी नसल्याने फेब्रुवारीचा पगार अर्धाच मिळेल. त्यात विद्यार्थीही आले. उरलेले पैसे नंतर मिळाले, पण टीआयएफआरची ही अवस्था तर बाकीच्यांची काय? १९९९ पासून चालत आलेली केव्हीपीवाय म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आठवते? अकरावी-बारावीतली मुलं तिची परीक्षा द्यायची आणि बेसिक सायन्सला गेली तर महिन्याला ५,००० रुपये मिळायचे. ती २०२२ मध्ये बंद करून इन्स्पायर योजनेत मिसळली. अकरावीच्या वयात "तू सायंटिस्ट होऊ शकतोस" असं सांगणारा एक आवाज कमी झाला.

आपल्या राज्यातली गोष्ट तर अजून जवळची. पुण्याच्या बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती या संस्था अनुसूचित जाती, मराठा आणि ओबीसी समाजातल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना फेलोशिप देतात. आपल्या हॉस्टेलमधल्या कितीतरी जणांची मोठी भावंडं या यादीत असतील. बार्टीच्या ८६१ विद्यार्थ्यांना सरसकट फेलोशिप मिळावी म्हणून २०२३ मध्ये आझाद मैदानावर दिवसेंदिवस आंदोलन चाललं. त्याच वर्षी सरकारने समान धोरण म्हणून प्रत्येक संस्थेला २०० जागांची मर्यादा घातली. मग निवडीसाठी परीक्षा ठेवली, तर २४ डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेचाच पेपर आला! १० जानेवारी २०२४ ला ती पुन्हा घेतली, तेव्हा काही संच सीलबंद नाहीत म्हणून मुलांनी बहिष्कार टाकला. पुढे फेलोशिप अर्धीच देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ती पूर्ण मिळावी म्हणून पुन्हा आंदोलन. आता सांगा, या सगळ्यात लॅबमध्ये किंवा लायब्ररीत बसायला वेळ कधी मिळाला असेल?

याच दरम्यान, डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत जागा वाढवण्याचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवा लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला. त्यावर खूप आरडाओरडा झाला. मला राजकारणात पडायचं नाही. उलट मला वाटतं, प्रश्न विचारायला हरकत नाही. जनतेचा पैसा आहे, हिशोब मागितलाच पाहिजे. फक्त दिव्याची गोष्ट काढलीच आहे तर तेलाचीही काढू या. अर्ध्या रात्री तेल काढून घ्यायचं आणि सकाळी विचारायचं, उजेड का नाही पडला?

हॉस्टेलमध्ये हा विषय काढला तेव्हा माझी चांगलीच धुलाई झाली. मेसच्या टेबलावर आलेले आक्षेप प्रामाणिकपणे मांडते.

पहिला आक्षेप : गावात दवाखाना नाही, रस्ता नाही, आणि यांना संशोधनाला पैसे? खरंय, गरजा खूप आहेत. पण संशोधनावर आपण असा किती उधळतोय? २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च, सरकारी आणि खासगी मिळून, जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. चीन शंभरात दोन रुपयांहून जास्त खर्च करतो, दक्षिण कोरिया चारहून जास्त, इस्रायल पाचहून जास्त. चौसष्ट पैशांतले दहा वाचवून रस्ता होणार नाही, पण दहा दादा नक्की परत जातील. आणि दवाखान्यात जे औषध मिळतं, ते कुणाच्या तरी प्रयोगवहीतूनच आलेलं असतं ना?

दुसरा आक्षेप : निम्म्या पीएच.डी. कॉपी-पेस्ट असतात. निम्म्या की किती हे मला माहीत नाही, पण असतात, हे मान्य. आपण कोणत्या तोंडाने बोलणार म्हणा, फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडीमेड विकत आणणारे महाभाग आपल्याच विंगमध्ये आहेत! पण यावर उपाय काय? चुकीचं काम करणाऱ्याला पकडा, दरवर्षी प्रगती तपासा, नसेल तर थांबवा, तसं लेखी कळवा. पैसे उशिरा दिल्याने मात्र कॉपी करणारा थांबत नाही. त्याला लॅब लागतच नाही. ज्याला रोज भट्टी पेटवायची असते, तोच थांबतो.

तिसरा आक्षेप जरा भारी होता : "दादाजी खोब्रागडेंना कुठे ग्रँट होती?" चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या पटेल-३ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, दरवर्षी वेगळ्या लावल्या, निवड करत गेले आणि एक नवीन वाण तयार झालं. तेव्हाच्या लाडक्या एचएमटी घड्याळावरून त्याचं नाव एचएमटी पडलं. आज आपण मेसमध्ये ज्याची आठवण काढून उसासे टाकतो, तो घरचा बारीक तांदूळ बऱ्याचदा हाच! २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. शिकले फारसे नव्हते, ग्रँट तर नव्हतीच.

पण ही गोष्ट पुढेही वाचा. एचएमटी पाच राज्यांत पिकलं, व्यापारी मोठे झाले, दादाजी गरीबच राहिले. ३ जून २०१८ ला ते गेले तोवर आजारपण आणि पैशाची चणचण त्यांच्या मागे होतीच. त्यांनी करून दाखवलं हे आपलं भाग्य. पण ते आपलं धोरण असू शकत नाही. अशा किती लोंब्या कुणाकुणाला दिसल्या असतील आणि दुसऱ्या वर्षी लावायला बांधी नव्हती म्हणून गेल्या असतील, याची नोंद कुठेच नाही.

चौथा आक्षेप : खासगी कंपन्यांनी द्यावेत पैसे. द्यावेतच की! सरकारने २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. त्यात पाच वर्षांत ५०,००० कोटी उभे करायचे ठरवलं आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. २०२५ मध्ये एक लाख कोटींची संशोधन-विकास योजना आली, ती मुख्यतः उद्योगांसाठी. चांगलंच आहे. पण कंपनी तयार होत आलेल्या गोष्टीला पैसे देते, नुसत्या शंकेला देत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या सोळा पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. पोलादी दोऱ्या ताणून हलकी आणि स्वस्त डिश कशी करायची, हे प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्याबरोबरच्या इंजिनीअर मंडळींनी शोधलं. कोणत्या कंपनीने आकाशातल्या हायड्रोजनसाठी चेक फाडला असता? ते काम वर्षानुवर्षं येत राहिलेल्या सरकारी पैशावरच उभं राहिलं.

"येत राहिलेल्या" या शब्दावर माझा जोर आहे. दादाच्या बाबतीत सगळ्यात वाईट काय झालं माहितीये? पैसे आले! अकरा महिन्यांची सगळी रक्कम एकदम खात्यात जमा झाली. पण तोवर त्याने कोचिंग क्लासशी करार केला होता, भट्टी दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेली होती आणि त्याचा विषय पुढे न्यायला आलेला ज्युनियर सोडून गेला होता. उशिरा का होईना पैसे दिले, अशी नोंद सरकारी कागदावर झाली असेल. तिथे हिशोब जुळला.

संशोधन म्हणजे ट्यूबलाइट नाही की बटण दाबलं, लागली. आमच्या जिल्ह्यात सारस पक्षी आहेत, पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत घरटं करतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्याला जून-जुलैत पैसे नाही मिळाले आणि जानेवारीत मिळाले, तर तो घरट्यांची मोजणी जानेवारीत करणार का? रोवणीचे दिवस गेल्यावर पऱ्हे मिळून काय उपयोग? शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि "अमेरिकेला जाऊ" हे जे आपलं ठेवणीतलं उत्तर आहे, तेही २०२५ मध्ये डळमळलं. तिथल्या सरकारने संशोधनाच्या ग्रँट मोठ्या प्रमाणावर थांबवल्या, रद्द केल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या एका सरकारी मेडिकल स्कूलने तर पीएच.डी.साठी दिलेले प्रवेशच मागे घेतले. श्रीमंत देशातही धक्का आधी कुणाला बसला? जो दारात उभा होता त्यालाच.

मग करायचं काय? मी काही तज्ज्ञ नाही, पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून चार गोष्टी सुचतात. एक, फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावी, पगारासारखी. कागदपत्रं अडली तर ती संस्थेने सोडवावीत, तोवर मुलाचं जेवण अडू नये. दोन, प्रत्येक संस्थेकडे एक छोटा राखीव निधी असावा, ज्यातून सहा महिने उसने देता येतील आणि मागची रक्कम आली की वळते करता येतील. तीन, योजना बंद करायची असेल तर खुशाल करा, पण जे आत आहेत त्यांना शेवटपर्यंत न्या. गाडी रद्द करायची तर स्टेशनवर करा, पुलावर नको. चार, कोणाचे किती महिने थकले याची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावी. लाज वाटली की फाइल पळते, हा आपल्या देशाचा अनुभव आहे. आणि हे सगळं करायला एक लाख कोटी लागत नाहीत.

आता माझं. मी थर्ड इयरला आहे. पुढच्या वर्षी गेटचा फॉर्म भरायचा की कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करायची, हे ठरवायचंय. मला भुशाच्या राखेवर काम करायला आवडेल, खरंच. बाबा मिलमध्ये हिशोब लिहितात. ते म्हणाले, "तुला हवं ते कर, फक्त महिन्याला किती येतील आणि कधी येतील तेवढं सांग." एम.टेक.ला गेटवर महिन्याला १२,४०० मिळतात, हे मी सांगू शकले. कधी येतील, ते नाही सांगता आलं.

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधीतरी विचारला जाणार आहे. आपल्या सर-मॅडमपैकी काही जण स्वतः पीएच.डी. करतायत, त्यांना तो आत्ताच विचारला जात असेल. म्हणून पुढच्या वेळी पेपरात कोपऱ्यात "संशोधक विद्यार्थ्यांचे आंदोलन" अशी बातमी दिसली, तर पान उलटू नका. ही सवलत मागणारी मंडळी नाहीत, केलेल्या कामाचे पैसे मागणारी आहेत.

निघताना दादाने मला पेटीतल्या दोन वह्या दिल्या. "भट्टीचं डिझाइन आहे, ७५ नंबरच्या पानापासून. मेकॅनिकलवाल्या कुणाला दाखव," म्हणाला. वह्या माझ्या रूमवर आहेत, पहिला मजला, जिन्याजवळची खोली. कुणाला बघायच्या असतील तर मेसमध्ये भेटा.